बेटावर झालं काय?

चैत्र संपला की चंद्रपूरच्या बाजारात आंब्यांचे ढीग लागतात. माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण हात पुढं जात नाही. आंबेवाली विचारते, "शुगर हाय काय बाई?" मी म्हणते, "नाई वं, बेटावरून निरोप यायचा हाय." ती माझ्याकडं वेड्यासारखं बघते. बघू दे!

भामरागडच्या संगमाच्या खाली नदीत एक बेट आहे. वीज नाही, दुकान नाही, मोबाईलचा टॉवर तर नाहीच. चहूकडं वाळू, मोहाची चारदोन झाडं, मधल्या उंचवट्यावर एक थोराड आंबा आणि त्याच्या सावलीत एका माडिया कुटुंबाची झोपडी. उन्हाळाभर ते तिथं राहायचे, पाणी चढायच्या आधी काठावरच्या गावी परतायचे. माझे बाबा त्या भागात आरोग्यसेवक होते. मी सातवीत असताना सुट्टीत त्यांनी मला डोंग्यात, म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या नावेत बसवलं आणि तिथं नेलं. आमचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर, त्यामुळं इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पाण्यात पाय सोडून बसलं की मासा तळव्याला घासून जायचा आणि मी किंचाळायची. अजून ते पाणी मला पायाला लागतं.

आणि तिथंच मी माती खाल्ली. झाडाखाली पडलेली एक कैरी उचलली आणि कचकन चावली. झोपडीतली म्हातारी धावत आली. ओरडली नाही. कैरी माझ्या हातातून काढून घेतली आणि आतली मऊ कोय नखानं चिरून दाखवली. "आतलं लेकरू कच्चं हाय," एवढंच म्हणाली. माडियांमध्ये मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडात घालत नाही. दिवस अख्खं गाव ठरवतं. आधी पूर्वजांना द्यायचा, मग आपण खायचा. मला कुठं ठाऊक!

दुसऱ्या दिवशी बाबा काठावरच्या गावात लशीची पेटी घेऊन बसले, तर एकही आई लेकरू घेऊन आली नाही. दोन वर्षं पायपीट करून त्यांनी त्या बायांचा विश्वास मिळवला होता. माझ्या एका घासानं सगळं पाण्यात.

मला वाटलं, आता पाठ सोलून निघते. पण बाबा डोंग्यानं परत बेटावर गेले आणि म्हातारीपुढं वाळूतच बसले. "बाई, पोरीचं चुकलं. आजपासून तुमचं पंडुम झाल्याबिगर आमच्या घरी कोनी आंबा खानार नाई." म्हातारी उठून झोपडीत गेली. मग तिनं रांगती नात उचलून आणली आणि तिचा दंड बाबांपुढं केला. नात सुई टोचून घेताना बेटावरच्या सगळ्यांनी पाहिली आणि बातमी काठावरच्या गावात गेली. दुसऱ्या दिवशी बाया आल्या.

आम्ही बौद्ध. उपास-नवसाची तर बाबा टिंगल करायचे. आई त्यावरून त्यांना छेडायची, "आंब्याचा उपास मात्र बरा चालते!" ते म्हणायचे, "उपास नाई, शब्द हाय." दर उन्हाळ्यात बेटावरून बसच्या ड्रायव्हरजवळ निरोप यायचा, "झालं." मग आमच्या घरी आंबा यायचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार दिवस नाहीत, मागतील ते द्या. बाबांनी आंबा मागितला आणि लगेच विचारलं, "बेटावर झालं काय?"

निरोप आला नव्हता. मी दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली आणि डोंग्यानं बेट गाठलं. तीच वाळू, तोच आंबा, लगडलेला. म्हातारी केव्हाच गेली होती. ती नात आता घर सांभाळत होती. तिला सगळं सांगितलं. "आठ रोज हायेत अजून," ती म्हणाली. मी चिडले, रडले, एक तरी दे म्हटलं. ती माझ्याजवळ पाण्यात पाय सोडून बसली. तिचेही डोळे भरले होते. "मी एकटी कशी देऊ? झाड काय माह्या एकटीचं हाय?"

परतल्यावर मी लाज सोडली. बाजारातून आंबा आणला, फोड केली. "झालं बाबा, बेटावर झालं."

त्यांनी फोड हातात घेतली आणि माझ्यासमोर धरली. "पहिले तू खा."

माझं तोंडच उघडेना.

"खोटं काऊन बोलून राह्यली?" त्यांनी फोड ताटलीत ठेवली. "वाट पाहू. मी कुठी जाऊन राह्यलो?"

ते दिवस मी त्यांच्या खाटेशी काढले. डोळा लागला त्यांचा, की छाती हलते का ते बघायची. मनातल्या मनात त्या अख्ख्या गावाशी भांडायची.

नवव्या दिवशी दारात ती नात उभी! आयुष्यात पहिल्यांदा चंद्रपूर बघत होती. ओच्यात चार आंबे होते. सुरी मागून तिनं स्वतः फोडी केल्या आणि बाबांना आपल्या हातानं भरवू लागली. "आंबट हाय बे!" बाबांनी तोंड वाकडं केलं आणि पुन्हा आ केला. भरवताना तिचा उघडा दंड त्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यावर लशीचा जुना वण. बाबांनी त्या वणावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता खा, माय."