आमची उघाडी कोणाची

ऐरोलीच्या एका ऑफिसात मी तक्ते भरते. हवामान बदलाबद्दल कुठल्या देशात कुठला कायदा आहे आणि तो केंद्राच्या हातात की राज्याच्या, हे वाचून काढायचं आणि रकान्यात लिहायचं. रकान्याचं नाव 'अखत्यार'. कॅनडात जंगल कोणाचं, ऑस्ट्रेलियात किनारा कोणाचा, हे मी चहा पिता पिता सांगते. आमच्या आळीतली मी पहिली पदवीधर. ते सांगायला मला संकोच वाटत नाही, कष्टानं मिळवलंय.

तरी बाबांनी एकदा जेवताना विचारलं, "बाय, आपली उघाडी कोनाची?" आणि मला उत्तर आलं नाही.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, ओहोटी लागली की गावातलं पाणी बाहेर सोडायचं, एवढंच तिचं काम. शेती होती तेव्हा तिला लाकडी फळ्या होत्या. त्या टाकायच्या-काढायच्या पाळ्या घराघरांत वाटलेल्या असत. बाबांनी ते काम वर्षानुवर्षं केलं. पुढे जमिनी गेल्या, टॉवर आले, फळ्यांच्या जागी आपोआप उघडणारं-मिटणारं लोखंडी झाकण बसलं आणि पाळ्या संपल्या. झाकणाला गाळ काढता येत नाही. गाळ साचला, गाळात तिवराची झाडं उगवली, आणि झाकण अर्धवट उघडं अडकून बसलं. आमचं घर बांधापासून तिसरं.

उन्हाळ्यात बाबा म्हणाले, पावसाच्या आत अर्ज दे. त्यांनी मजकूरही सांगितला : 'उघाडीपुढचा गाळ काढावा.' एक ओळ. मला ती ओळ अडाणी वाटली. मी दीड पान लिहिलं. 'सदर ठिकाणी खारफुटीची वाढ झालेली असून' हे त्यातलं माझं खास वाक्य. बाबांना वाचून दाखवलं.

"खारफुटी म्हनजे?"

"तिवर, बाबा. सरकारी भाषेत."

"तिवराचा काय संबंध? मी गाळ काढा म्हनतंय."

"पूर्ण माहिती द्यायची असते."

"तू शिकलेली हायस," म्हणाले, आणि सही केली.

पालिकेच्या जवळच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हे तुमीच लिहिलंत?"

"हो." जरा तोऱ्यातच.

"कशाला लिहिलंत? नुसता गाळ असता तर चार माणसं पाठवून मोकळा झालो असतो. आता खारफुटी आली. आता हे वर जाणार."

"वर म्हणजे राज्याकडे?"

"आधी राज्य, मग त्याच्या वर. तुमचा कागद फिरायला निघाला असं समजा. टेन्शन नका घेऊ, तब्येत सुधारून येईल."

कागद खरंच फिरला. जमीन एका खात्याची, बांध दुसऱ्याचा, झाडं राज्याच्या वनवाल्यांची, किनाऱ्याचा नियम केंद्राचा. प्रत्येक पत्रात 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी' असं, आणि प्रत्येकाचा स्तर दुसराच. मी फोन केले, ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून खेटे घातले, दिल्लीला इंग्रजीत वेगळं पत्रही पाठवलं. खोटं कोणी बोललं नाही. त्यानंच जास्त दमायला झालं. कोणी खोटं बोललं तर भांडता तरी येतं. आणि तिवर तोडू न देणारा कायदा वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. तिवर नसते तर आमचा बांध कधीच वाहून गेला असता.

आषाढातल्या उधाणाला रविवारी भर दुपारी खाडी आमच्या स्वयंपाकघरात आली. घोट्यापर्यंत काळं पाणी. आईनं तांदळाचा डबा पलंगावर चढवला, मिक्सर कपाटावर. शेजारची काकू दारातून ओरडली, "काय गो, तुजी दिल्ली आली का नाय अजून?" बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते.

पाणी ओसरल्यावर मी भिंतीला टेकून नवा कागद घेतला. पुढचं उधाण पंधरा दिवसांवर होतं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, "गाळ लिही. फकस्त गाळ." लिहिताना हात अडला. झाडं आहेत हे लपवणं मला जमेना, आणि 'खारफुटी' हा शब्द पुन्हा लिहायची ताकदही नव्हती. शेवटी लिहिलं : 'उघाडीपुढचा गाळ तिवर न तोडता काढावा.' 

कारकुनानं वाचून माझ्याकडे पाहिलं. तिवर म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, तोही खाडीकाठचाच. "न तोडता ना?" त्यानं विचारलं.

"एकही नाही."

"मग हे आमचं," म्हणाला आणि शिक्का मारला.

आठवड्यानं चार माणसं घमेली घेऊन आली. बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून, मुळांमधून हात कसा घालायचा ते त्यांना दाखवत होते. झाकण पुरतं नाही, पण बरंचसं मिटायला लागलं. पुढच्या उधाणाला पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं. आई तरीही दिवसभर तांदळाचा डबा खाली ठेवायला तयार नव्हती.

दिवाळीनंतर दिल्लीचं उत्तर आलं. विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे, तिकडे संपर्क साधावा. विषयाच्या ओळीत आमची उघाडी 'उगादी' झाली होती, म्हणजे दक्षिणेकडचा पाडवा. कोणीतरी माझं स्पेलिंग चुकलं समजून सुधारलं असणार. शिकलेलं माणूस असंच करतं, मला राग आला नाही.

बाबांनी कागद हातात घेऊन वरचा छाप बघितला. "दिल्लीचा? तुज्या नावावर?"

"हो."

"कोनाची म्हनतात उघाडी?"

"राज्याची म्हणतात."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझं पदवीचं सर्टिफिकेट असतं त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. "असूदे," म्हणाले. "दिल्लीला आपली उघाडी हाय ह्ये तरी कळलं."

पाडव्याचं मी त्यांना सांगितलं नाही. घमेलं घेऊन ते बांधाकडे निघाले. त्यांनी आपली पाळी पुन्हा सुरू केली आहे.