सुनंदाताईंच्या उतारावर

सुनंदाताईंकडे ब्रेक पॅड मागायला गेलं, की त्या गाडीचं नाव आधी विचारायच्या नाहीत. काउंटरवरून हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "जुने दे." गिऱ्हाईक म्हणायचं, ते तर गॅरेजवाल्याने फेकले. त्यावर ताई चहाचा घोट घेऊन सांगायच्या, "मग जिथे फेकले तिथनं उचलून आण. मी कुठे पळून चाललेय?" अर्धी गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे जायची. उरलेली कायमची त्यांची व्हायची. मी या दुसऱ्या अर्ध्यांतला.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. पाठीवर थंड पेटी आणि खाली मोटरसायकल, घाटकोपर ते मुलुंड. असल्फ्याच्या चढावर ताईंचा तो खोपटाएवढा काउंटर मला कोणीतरी दाखवला तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, "ताई, सगळ्यात स्वस्त पॅड द्या."

"स्वस्त कुणाला? तुला, की तुझ्या घरच्यांना?"

त्यांनी जुनी जोडी उजेडात धरली. एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, दुसरा अर्धा शाबूत. "हा पॅडचा दोष नाही. पॅड दाबणारा तुझा कॅलिपर अडकतोय, एकच बाजू घासतेय. आधी तो साफ करून घे, मग ये." म्हणजे पॅडच्या दुकानातून मी पॅड न घेता परतलो. रक्त न तपासता औषधं लिहिणारे मी रोज पाहतो, त्यामुळे ही बाई मला तिथल्या तिथे आवडून गेली.

परत गेलो तेव्हा त्यांनी तीन पाकिटं मांडली. पहिलं गाडीच्या कंपनीचं. "चांगलं आहे, पण तुझ्या गाडीला एवढ्याची गरज नाही. यात खोक्याचेही पैसे आहेत." दुसरं नुसतं प्लास्टिकमधलं, ना नाव ना गाव. त्याचा मसाला त्यांनी नखाने खरवडला तर भुगा पडला. "हे विकायला नाही, दाखवायला ठेवलंय." तिसरं एका लहान कारखान्याचं, पण त्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर सगळं छापलेलं. किंमत पहिल्याच्या निम्मी. "स्वस्त घे, पण बेनामी घेऊ नकोस. चुकलं तर कुणाची कॉलर धरायची ते पाकिटावर लिहिलेलं पाहिजे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

ही अक्कल त्यांना कुठून आली, तर भांडुपच्या एका ब्रेक पॅडच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं पॅकिंगला होत्या. मूळच्या लातूरकडच्या. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी हा काउंटर भाड्याने घेतला. घर चालायचं ते एवढ्यावरच.

आमच्या स्टँडवर कुरियरवाले, जेवण पोचवणारे आणि मी, असे दहाबारा जण उभे असायचो. माझ्यामुळे सगळे ताईंकडून पॅड घेऊ लागले. आमचा म्होरक्या संतोष, सावंतवाडीकडचा. जिभेने तिखट, पण कुणाची गाडी बंद पडली की पहिला धावणारा.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही गाड्या धुतल्या. संतोषने चमकवायच्या स्प्रेची बाटली आणली. टाकी झाली, सीट झाली, मग कुणीतरी म्हणालं, चाकातली ब्रेकची डिस्क पण चकाचक करा. संतोषने फवारलं आणि मी, होय मीच, फडका घेऊन एकेक डिस्क आरशासारखी घासली. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले. ताई असत्या तर आमच्या हातातून फडका हिसकावून घेतला असता. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्या दरवर्षी नागपूरला जायच्या, तशा त्या वेळीही गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष असल्फ्याचा उतार उतरला. ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही. खालच्या भिंतीला धडकला. नशीब बलवत्तर म्हणून गुडघ्यावर निभावलं. दवाखान्यातूनच त्याने फोनवर आमच्या ग्रुपवर टाकलं: "सुनंदाताईचे पॅड कोणी घेऊ नका. आज मेलो असतो." बाकीच्यांनी ब्रेक दाबून पाहिले, तर सगळ्यांचे ढिले. झालं! ताई परतल्या तेव्हा त्यांच्या शटरला पिशव्या लटकत होत्या, आणि त्यांत त्यांनीच विकलेले पॅड. त्यांचा माल घेणाऱ्या गॅरेजवाल्यानेही नको म्हणून कळवलं होतं.

मीही गेलो. पॅड काढून खिशात घालून, परत करायला. आज सांगायलाही लाज वाटते.

ताईंनी ते नाकाशी नेले. "गाडी कधी धुतलीस?"

"दसऱ्याला."

"आणि नुसती धुतली नाहीस."

मी सगळं सांगून टाकलं, फडक्यासकट. मला वाटलं, आता चामडी सोलतील. त्या म्हणाल्या, "बॅगेत स्पिरिट आणि कापूस असेल ना तुझ्या? चल. संतोषला पण बोलव, आणि झाडून सगळ्यांना."

संतोष लंगडत आला. पुढचं चाक आणि हँडल त्याने दुरुस्त करून घेतलं होतं, डिस्क मात्र तशीच चमकत होती. ताईंनी सगळ्यांसमोर तिच्यावरून स्पिरिटचा कापूस फिरवला. पांढरा कापूस काळाकुट्ट तेलकट झाला. "हे तेल पॅडने प्यायलंय. अशा डिस्कवर जगातला कुठलाही पॅड धरणार नाही, माझा नाही आणि सोन्याचा पण नाही."

"ह्या बोलूक काय जाता?" संतोष म्हणाला.

"म्हणूनच बोलणार नाहीये."

डिस्क स्वच्छ झाली. ताईंनी त्याच कारखान्याचं, त्याच किमतीचं नवं पाकीट फोडून पॅड बसवले. मला तीच गाडी देऊन सपाट रस्त्यावर पिटाळलं. "वीसेक वेळा हळू थांबव. नवा पॅड लगेच धरत नाही, त्याला डिस्कवर बसू दे." मी परत आलो तोवर त्यांनी भिंतीच्या वीस पावलं अलीकडे खडूने रेघ ओढली होती, आणि आमच्यातल्या दोघांना उतारावरची माणसं बाजूला करायला उभं केलं होतं. मग संतोषचं हेल्मेट डोक्यावर चढवून, ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या स्वतः गाडीवर बसल्या. आम्ही बघतच राहिलो. ताईंना गिअरची गाडी येते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर गेल्या, वळल्या आणि सुसाट खाली आल्या. गाडी करकचून थांबली, रेघेच्या पुरते दोन हात अलीकडे. मग जो ओरडा झाला, तो ऐकून वरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या.

संतोष पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. "ताई, माझा चुकला. माका माफ करा."

"माफी इथे नको. जिथे लिहिलंस तिथे लिही. आणि चूक माझी पण आहे, डिस्कला काही लावू नका हे मी विकतानाच सांगायला हवं होतं. आता प्रत्येक पाकिटावर लिहून देईन."

त्याने तिथेच उभ्याउभ्या लिहिलं: "ब्रेक ताईचा नाही, आमचा चुकला. पॅड ताईकडूनच घ्या." आमच्या सगळ्यांच्या खिशांतले फोन एकदम वाजले. संध्याकाळच्या आत शटरवरच्या पिशव्या ज्याच्या त्याने उतरवल्या, डिस्क पुसून नवे पॅड नेले, गॅरेजवाला स्वतः येऊन दुप्पट माल सांगून गेला.

गेल्या वर्षी काउंटर भाचीच्या हाती देऊन ताई लातूरला भावाकडे राहायला गेल्या. मला मात्र त्या अजून त्याच उतारावर दिसतात. फोन वाजले तेव्हा आम्हाला वाटलं, आता त्या गाडीवरून उतरतील, चार गोष्टी सुनावतील. त्या उतरल्याच नाहीत. हेल्मेटची काच वर करून लहान मुलीसारख्या हसल्या आणि संतोषला म्हणाल्या, "बावीस वर्षं नुसते डब्यात भरले रे. चाचणीला गाडी पुरुषांनाच द्यायचे. आज कळलं, आपण काय भरत होतो ते. अजून एक चक्कर मारू?"

"मारा की!" संतोष ओरडला, आणि आम्ही सगळे रस्त्यातून बाजूला झालो.