अण्णाची शिकारीण

अण्णा गेल्याची बातमी मला बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कळली. हातात मायक्रोमीटर होता, समोर त्या दिवशीच्या मालाचे नमुने होते, आणि फोनवर माझा पुतण्या सुहास एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले." मी हातातला तुकडा मोजून झाल्यावरच खाली ठेवला. त्यात निर्दयपणा नव्हता, हाताला दुसरं काही सुचलं नाही एवढंच. दोन दिवसांनी पेपरात जी जाहिरात आली तीत 'वृद्धापकाळाने निधन' असं छापलं होतं. माझा थोरला भाऊ त्रेसष्ट वर्षांचा होता. हे वृद्धापकाळाचं वय नव्हे. मजकूर कोणी दिला असं मी विचारलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, तसंच लिहायची पद्धत आहे. त्याला आता सहा आठवडे होत आले. भेटायला येणाऱ्यांनी अण्णाबद्दल जे जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं. आता मला जे ठाऊक आहे ते लिहितो.

आमचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरात आहे. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की परसदाराला आम्ही हित्तलच म्हणतो. अण्णाचं चिकपेटेत शिवणाच्या सामानाचं दुकान होतं... अस्तर, बटणं, चेन, कॅनव्हास. गिऱ्हाईक "स्वल्प जास्ती कोडी अण्णा", थोडं जास्त द्या, म्हणालं की तो गजाच्या पुढे अंगठ्याएवढं कापड सोडून कात्री लावायचा, आणि न मागणाऱ्यालाही तेवढंच सोडायचा. मी त्याला एकदा म्हणालो होतो की वर्षाला किती कापड असं फुकट जातं याचा हिशेब कर. तो म्हणाला, "तू कर. आणि आकडा मला सांगू नकोस." बनशंकरीतलं घर वडिलांनी बांधलेलं. मागे हित्तलात एक उंच सिल्व्हर ओक, दोन नारळ, शेवगा, कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. त्याच हित्तलात आमची आई रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकायची. अंथरुणाला खिळल्यावर तिने वहिनींकडून, म्हणजे अण्णाच्या बायकोकडून, वचन घेतलं की हे दाणे बंद करायचे नाहीत. वहिनींनी वचन दिलं आणि आई गेल्यावरही पाळलं. आईचं औषध, आईचं सोवळं, आईचे दाणे, सगळं त्यांनी एकाच निष्ठेने केलं. ती निष्ठा मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

अण्णाला कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी बेंगळुरूच्या हवेला दोष दिला. मग दुकानात वर ठेवलेलं ठाण उतरवताना त्याला दम लागायला लागला. छातीची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने फोटो पाहिले, तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरात पक्षी आहेत का? मी सोबत होतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत जात राहिली तर काही माणसांची फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जातात, हे तिने कागदावर चित्र काढून समजावलं. घट्ट झालेला भाग परत मऊ होत नाही, उरलेला वाचवायचा. दाणे आजपासून बंद, घरट्यांच्या जागा बंद, शक्य असेल तर घर बदला. हेही लिहिलं पाहिजे की कबुतरांमुळेच झालं असं ती छातीठोकपणे म्हणाली नाही. दुकानातल्या सुताच्या धुळीत अण्णाचं आयुष्य गेलं होतं, तिचाही वाटा असू शकेल, असं ती म्हणाली. पण दुकान तर त्याने त्याच महिन्यात बंद केलं. कबुतरं राहिली.

वहिनींनी डॉक्टरचं ऐकलं नाही असं नाही. त्यांच्या परीने ऐकलं. दाणे हित्तलातून गच्चीवर नेले. त्यांचं म्हणणं, एवढ्या उंचावरून धूळ कशी खाली येणार? कबुतरं वर खायची, पाणी प्यायला खाली धुण्याच्या दगडाजवळ उतरायची आणि न्हाणीघराच्या सज्जावर घरटी करायची. आमच्या नात्यातले शहाणे लोक चहा पिता पिता वहिनींच्या बाजूने बोलायचे. मुक्या जिवांचा शाप घेऊ नका. इतकी वर्षं काही झालं नाही ते आत्ताच कसं होईल? अण्णा त्यांच्यादेखत खोकायचा, आणि ते त्याला आल्याचा काढा सुचवायचे. मी एकदा बोललो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, आईंना वचन मी दिलंय, तुम्ही नाही." यावर बोलायचं तर अण्णानेच; पण तो भांडला नाही. सुहासने त्याला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर नेलं. तिथे महिनाभरात त्याचा खोकला उतरला, बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदीच्या वर टिकायला लागला. वहिनींनीही तिकडे राहावं म्हणून सुहासने खूप सांगून पाहिलं. दाण्यांचं कोण बघणार, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या कबुतरांसाठी मागे राहिल्या, आणि अण्णा त्यांच्यासाठी परत आला. परत का आलास, असं मी विचारलं. म्हणाला, "तिकडची कॉफी पाणचट असते." तो खोटं बोलला की तोंड दुसरीकडे फिरवायचा, तसं फिरवलं.

त्यानंतर मागच्या खोलीची काचेची खिडकी बंद करून तो खुर्चीत बसायला लागला. त्या खिडकीतून त्याला ती पहिल्यांदा दिसली. शिक्रा, ससाण्यासारखा शिकारी पक्षी, तीही मादी. हे त्याने कुणालातरी फोटो दाखवून पक्कं करून घेतलं. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे पिवळे. पक्षी तसा लहानच, कबुतराच्या बरोबरीचा. मला तर आधी कोकिळाच वाटली. अण्णाने तिचं नाव शिकारीण ठेवलं. ती सिल्व्हर ओकच्या आतल्या फांदीवर खोडाला चिकटून बसायची, आणि ती आलीय हे तो तिला न बघता सांगायचा. आधी खारी एका सुरात ओरडायच्या, मग बुलबुल गप्प, मग सगळंच गप्प. मला कारखान्यात फोन यायचा, "आली रे." पाठोपाठ खोकला, आणि मग निकाल... आज सरडा, आज काही नाही, आज खार थोडक्यात वाचली. ज्या दिवशी ती ओकवर असे त्या दिवशी कबुतरं गच्चीवरही उतरत नसत. हे ध्यानात आल्यावर अण्णाच्या बोलण्यात मला कितीतरी महिन्यांनी हुरूप दिसला. "डॉक्टरीणबाईंचं सांगून झालं, तुझं सांगून झालं," तो म्हणाला, "आता हिला पगारावर ठेवतो." मी हसलो. तो हसला नाही. तिने इथेच घरटं करावं, पिल्लं काढावी, मग कबुतरं आपोआप दुसरीकडे जातील आणि कुणाला वचन मोडावं लागणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. मला त्यात चूक सापडली नाही.

एका रविवारी मी गेलो तेव्हा आम्ही दोघं काचेमागे बसलो होतो. त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. खाली दगडाजवळ दहा-बारा कबुतरं पाणी पीत होती. खारी ओरडल्या. अण्णाने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी वर बघत होतो. ती वरून आलीच नाही. शेवग्याच्या मागून, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून, जमिनीपासून हातभर उंचीवरून, पंख मिटून ती फेकलेल्या दगडासारखी आली. कबुतरं फडफडाट करत एकदम उठली. एक नुकतं उडायला लागलेलं पिल्लू मागे पडलं. ती त्याच्यावर आदळली आणि दोघं दगडाला धडकून उलटीपालटी झाली. मग तिने दोन्ही पंख पसरून भक्ष्य झाकलं आणि मान वळवून चारी बाजूंना पाहिलं. आमच्याकडेही पाहिलं. मला वाटायचं की असे पक्षी चोचीने मारतात. तसं नाही. ती नखं आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. पिल्लू पंख मारत होतं, प्रत्येक वेळी थोडं कमी. बघायला सोपं नव्हतं. अण्णा उभा राहिला होता. तळहात काचेवर, काचेवर श्वासाची वाफ, आणि अगदी हलक्या आवाजात, मला नव्हे, तिला म्हणत होता, "सोडू नकोस... सोडू नकोस गं..."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. वहिनी स्टीलचं ताट उलथन्याने बडवत धावत आल्या. शिकारिणीने ओझ्यासकट उडायचा प्रयत्न केला. ते तिला पेलण्यासारखं नव्हतंच. कुंपणाच्या भिंतीपर्यंत कशीबशी गेली, भिंतीला धडकली आणि पिल्लू टाकून ओकच्या पलीकडे निघून गेली. वहिनींनी ते पिल्लू पदरात घेतलं आणि रक्त ठिबकत असलेलं तसंच घरात आणलं. भिंतीकडून आत यायला अण्णाच्या खोलीतूनच जवळचा रस्ता होता. तिथेच खाली बसून त्यांनी पिल्लाच्या पाठीवर हळद दाबली. पिसांचा भुगा खोलीभर उडत होता, उन्हाच्या तिरिपेत मला तो स्पष्ट दिसत होता. अण्णा खुर्चीत बसला. दम जरा खाली बसल्यावर त्याने विचारलं, "माझ्यापुरती उरेल का गं हळद?"

वहिनींनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "तुम्हाला डॉक्टर आहेत, मुलगा आहे, मी आहे. ह्याला कोण आहे?"

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. त्यांना ते खरोखरच तसं वाटत होतं, आणि तेच मला अजून पचत नाही. भाजीच्या टोपलीत जुनं धोतर घालून त्यांनी पिल्लाला अण्णाच्या शेजारच्या खोलीत ठेवलं. मी टोपली दोनदा हित्तलात नेऊन ठेवली, दोन्ही वेळा ती परत आत आली. पिल्लू जगलं. चांगलं धष्टपुष्ट होऊन गच्चीवर गेलं. शिकारीण मात्र पुन्हा हित्तलात उतरली नाही. ताटाच्या आवाजाला भ्याली, की भिंतीवर आपटून पंखाला काही झालं, सांगता येत नाही. अण्णा रोज काचेमागे बसत राहिला. खार ओरडली की मान वर करायचा. बहुतेक वेळा मांजर निघायचं. मी फोन केला की तो आपणहून म्हणायचा, "नाही आली." ऑक्सिजनचा आकडा नव्वदीखाली गेला, मग पंचाऐंशीखाली. शेवटी इस्पितळात त्याच्या तोंडावर मास्क होता, बोलणं शक्य नव्हतं. वहिनी त्याचे पाय चेपत बसल्या होत्या. सकाळी दाणे टाकायला म्हणून रिक्षाने घरी जाऊन यायच्या तेवढ्याच.

तेराव्याच्या जेवणाला लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, शेवटपर्यंत त्याच्या घरी पाखरांना दाणा मिळाला. मी वाढत होतो. वाढत राहिलो.

गेल्या रविवारी सुहासने मला बोलावून घेतलं. बाबांच्या आठवणीसाठी गच्चीवर काहीतरी करून घेतलंय, तुमची नजर बारीक आहे, जरा बघून द्या, म्हणाला. ग्रॅनाइटचा गुळगुळीत कट्टा, दाण्यांसाठी कडेला उंचवटा, पाण्याला खळगा, पुढच्या बाजूला अण्णाचं नाव आणि दोन तारखा. त्यावर पन्नासेक कबुतरं होती. मी सुहासला विचारलं, डॉक्टर काय म्हणाली होती ते तुला आठवतं ना? तो पोरगा वाईट नाही, बापासाठी त्याने रात्रीचे दिवस केले. "आठवतं काका," तो म्हणाला, "पण आता बाबांना काय त्रास होणार? आईला तेवढंच समाधान." मी खिशातून पातळी बघायची छोटी लेव्हल काढून दगडावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. नाव बरोबर होतं, दोन्ही तारखा बरोबर होत्या. दुरुस्त करण्यासारखं मला त्यात काहीही सापडलं नाही.

खाली आलो तर वहिनी संध्याकाळची ज्वारी ताटात निवडत होत्या. मधेच त्यांना खोकला आला. कोरडा, लागोपाठ, शेवटी खांदे वर उचलणारा. कधीपासून आहे, असं मी विचारलं. म्हणाल्या, दगड कापणारे आले होते ना, त्यांची धूळ. मी म्हणालो, वहिनी, आता तरी बंद करा. पाया पडतो तुमच्या.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरलो होतो. "आजवर आईंच्या नावाचं होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "आता ह्यांच्या नावाचं आहे. आता कसं बंद करू?"

मग ताट उचलून त्या जिन्याकडे गेल्या. मी ताट घ्यायला पुढे झालो, त्यांनी दिलं नाही. वर कबुतरं घुमत होती. जिन्याच्या वळणावरच्या पायरीशी त्या थांबल्या, एक हात कठड्यावर टेकला, दोन-तीन श्वास घेतले... अण्णा त्याच पायरीवर थांबायचा... आणि मग वर गेल्या.