गुरुवार चुकला की शनिवारी बेंच

परवा शनिवारी आमच्या मुग्धाच्या टीमची सेमीफायनल होती. श्रावणातला शनिवार, त्यामुळे माझा उपवास... मारुतीपुढे दिवा लावला, थर्मासमध्ये चहा भरला आणि ह्यांच्याबरोबर ग्राउंडवर जाऊन उभी राहिले. इथे श्रावण ऐन थंडीत येतो, आणि वारा असा, की कानटोपीतूनही कान दुखत होते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुग्धा माझी थोरली लेक, इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या क्लबमधल्या मुलींच्या फुटबॉल टीमची हेड कोच. लहानपणी आमच्या टूनगॅबी उपनगरातल्या पार्कात मुलांमध्ये खेळायला लागली तेव्हा लोक म्हणाले, रापेल पोरगी, गुडघे फुटतील... गुडघा खरंच गेला. ऑपरेशन झालं, खेळणं सुटलं, तर बाईसाहेबांनी कोचिंगचं लायसन्स काढलं!

मग कितीतरी वर्षं असिस्टंट. वरचे साहेब बदलत गेले आणि ही आपली मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडतेय, बॉलमध्ये हवा भरतेय. "लग्नाचं काय?" विचारणारे मात्र तेच राहिले. गेल्या वर्षी ती हेड कोच झाली तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर 'हेड' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला होता.

तर तिचा एक नियम आहे. गुरुवारच्या ट्रेनिंगला न कळवता दांडी मारली, की शनिवारी खेळायचं नाही. जर्सी घालून बेंचवर बसायचं, मैत्रिणींना पाणी द्यायचं. मागे लिन नावाच्या मुलीची कॅफेतली शिफ्ट लांबली, फोन करायचं राहून गेलं. ती बसली. रडली... पण बसली.

आणि ह्या गुरुवारी क्लोई आली नाही. क्लोई म्हणजे टीममध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारी, शिवाय क्लबच्या प्रेसिडेंटची मुलगी. कुठल्याशा कॉन्सर्टला गेली होती. फोटो तिनेच टाकले होते, म्हणजे विचारायचीही सोय नाही!

शुक्रवारी प्रेसिडेंटचा मुग्धाला फोन. क्लोई खेळली नाही तर पुढच्या वर्षी तुला ठेवायचं का याचा विचार करावा लागेल... असं अगदी गोड आवाजात.

आमचे हे म्हणाले, "अगं, सेमीफायनल आहे. एवढी एक मॅच खेळू दे तिला, मग बसव हवं तितकं."

"बाबा, नो. मग लिनला काय सांगू?"

ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. मला तर तिला काही सुचवायचंही नव्हतं.

हाफटाइमला एक-एक गोल. क्लोई बेंचवर तोंड पाडून बसलेली. तेवढ्यात प्रेसिडेंट कॉफीचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "यू आर मुग्धाज मम, राइट? टॉक टू हर, लव्ह. इंडियन गर्ल्स लिसन टू देअर मम्स."

मी दहावी पास बाई. घरचा जमाखर्च चोख ठेवते, पण इंग्लिश बोलायचं म्हटलं की अजून घाम फुटतो... त्या गारठ्यातही फुटला. तरी म्हटलं, "सर, इन अवर हाऊस, प्रसाद इज सेम फॉर ऑल. बिग मॅन, स्मॉल मॅन, वन स्पून."

"सॉरी... व्हॉट स्पून?"

"वन स्पून. युवर डॉटर ऑल्सो वन स्पून."

ह्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. तो खोकला कसला ते मला चांगलं ठाऊक आहे.

मॅच संपत आली आणि आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला. बेंचवर दोघीच, क्लोई आणि लिन. सगळं ग्राउंड मुग्धाकडे बघतंय... तिने लिनला पाठवलं.

लिन जीव तोडून पळाली हो. पण कमी पडली. समोरची मुलगी तिच्याच बाजूने निसटली आणि गोल झाला. आम्ही हरलो.

प्रेसिडेंट जाता जाता एवढंच म्हणाले, "हॅपी नाऊ?" क्लोई कुणाशी हात न मिळवता गाडीत जाऊन बसली. मुग्धा मात्र चिखलात लिनच्या शेजारी मांडी घालून बसली होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही... पण पोरगी शेवटी डोळे पुसून हसली.

आज सकाळी मेल आला. हेड कोचच्या जागेसाठी जाहिरात काढतोय, तुम्हीही अर्ज करू शकता! मुग्धाने टोस्ट खाता खाता वाचला.

"करणार अर्ज," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणू देत."

मी चप्पल घातली आणि पेंडल हिलचं मिठाईचं दुकान गाठलं. एरवी मिल्क पावडरचे पेढे घरी वळणारी मी... चक्क दुकानातून घेतले, केशर घातलेले.

दुकानदार ओळखीचा. "क्या आंटी, बेटी जीत गई?"

"नहीं भैया, हार गई. नौकरी भी शायद जाएगी."

बिचारा तोलता तोलता थांबला. "फिर मिठाई?"

"फिर भी मिठाई. थोडा ज्यादा डालो."

पहिला पेढा देवापुढे ठेवला, हात जोडले. मागितलं काहीच नाही, नुसते आभार मानले.

सकाळपासून "वाईट वाटलं गं" असे मेसेज येतायत. बाकीचे पेढे रविवारी मंडळात आणतेय. हळहळायचं असेल त्यांनी पेढा खाऊन खुशाल हळहळावं... माझ्या लेकीचं काहीही वाईट झालेलं नाही.