कबरीपाशी धरलेला सूर

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजोबांच्या दफनाच्या वेळी नेट गेलं होतं का. पडद्यावर सगळे छत्र्या धरून उभे होते आणि चित्र मधेच थांबलं, असं तुम्हाला तिकडे वाटलं. चित्र थांबलं नव्हतं. मी थांबले होते. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून ही तुमची आजी लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या. भाषांतर मी करून देणार नाही.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजतो, पण कबरीपाशी कोणतंच वाद्य नेत नाहीत. पाळकसाहेबांची प्रार्थना होते, शवपेटी दोरांवरून खाली उतरते आणि मग एक जण दफनाच्या ठरलेल्या गीताचा सूर धरतो. बाकीचे त्यात मिळतात. लोणावळ्यात हे काम तुमच्या आजोबांकडे होतं, ते रेल्वेत गार्ड होते तेव्हापासून. ड्यूटीवरून उतरून गणवेशातच दफनाला गेल्याचंही मला आठवतं. काम दिसतं तितकं सोपं नाही. त्या गीताची तिसरी ओळ फार वर चढते. सुरुवात जरा वरून झाली, की तिथे अर्धी माणसं गप्प होतात, आणि उरलेली ओरडतात.

त्यांचा आजार कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी फार लांबण लावली नाही. तुमचे बाबा तिकडच्या उपचारांबद्दल बोलले. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "माझ्या वेळी सूर कोण धरणार, ते बघायला पाहिजे."

मी दोघांची नावं सुचवली.

"एकाचा दम टिकत नाही, दुसरा लग्नात गातो तसा गातो. तू धर."

"मी? आपल्याकडे बायकांनी कधी धरलाय?"

"मनाई कुठे आहे? पाळकसाहेबांना विचारून झालंय."

म्हणजे आधी ठरवून मग मला विचारलं होतं. वर्गात इंग्रजी शिकवताना माझा आवाज कधी कापला नाही, पण हे वेगळं होतं. ऐन वेळी मी चुकले, तर आयुष्यभर दुसऱ्यांचा सूर सांभाळलेल्या माणसाचं दफन बेसूर होणार होतं, आणि सुधारून घ्यायला ते असणार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून रोज नाश्त्यानंतर सराव सुरू झाला. त्यांची कॉट खिडकीशी होती. त्यांची पद्धत साधी. पहिली ओळ आधी नुसती बोलायची, जशी आपण भाजीवाल्याशी बोलतो तशी, आणि बोलण्याचा जो सूर असेल तिथेच गाणं धरायचं. मी धरायची, ते उशीवरून मान हलवायचे. "खाली घे. खाली." पुन्हा धरायची. "अजून खाली. घाबरलेला माणूस नेहमी वर धरतो."

पहिल्याच दिवशी फाटक धाडकन उघडलं. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी वरच्या वाडीतून येतात. त्यांची वाट दफनभूमीच्या कडेने आहे, त्यामुळे हे गीत त्यांच्या चांगलं ओळखीचं. किटली पायरीवर टाकून त्या रडतच आत आल्या.

"आवं बाई, सायेब गेलं वो!"

"अजून नाही, मावशी," कॉटवरून उत्तर आलं. "दूध सांडलं का तेवढं बघा."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि मग त्या चिडल्या. "जित्या मानसाच्या उशाला मयताचं गानं? तुमचं समदंच इपरीत बाई!"

"सराव चाललाय," मी म्हणाले.

"मरनाचा बी सराव करत्यात व्हय?"

"गाण्याचा," आजोबा म्हणाले. "मरण काय, सगळ्यांना जमतं."

मावशी हसल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि मी इतके दिवस टाळलेला प्रश्न त्यांनी सरळ विचारला. "खरं सांगा सायेब, भ्या न्हाई वाटत?"

"दुखण्याचं वाटतं. रात्री कळ आली की ओरडतोच मी. मरणाचं नाही वाटत. घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात. डब्यातल्या लोकांना ते दिसत नाही. मी शेवटच्या डब्यात असायचो, मला दिसायचं. प्रभूचं तसंच आहे. आणि दुसऱ्यांच्या कबरीपाशी, पुन्हा उठायचं आहे, असं इतकी वर्षं गात आलो. आता माझी पाळी आली म्हणून गाणं बदलू?"

"म्या काय शिकल्याली न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर बाईंना भ्या वाटतंय, त्ये दिसतंय."

त्यावर मी चहा ठेवायला आत गेले. खोटं काय बोलायचं, मला वाटतच होतं. विश्वास माझाही होता, उपासना मी कधी चुकवली नव्हती. पण आजोबांसारखा तो माझ्या आवाजात उतरत नव्हता.

पुढे मावशी रोज किटली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि "खाली घे" ऐकून मगच जायच्या. पाचव्या आठवड्यात आजोबांचा आवाज गेला, मग ते बोट खाली करून दाखवायचे. जुलैत एका दुपारी, पाळकसाहेब उशाशी प्रार्थना करत असताना, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. घरात गडबड झाली नाही. ते गेल्याचं पाळकसाहेबांना आधी कळलं, मला नंतर.

दफनाच्या वेळी पावसाने कबरीत पाणी भरत होतं. खणणारे दोघे शेवटपर्यंत बादल्यांनी उपसत होते. पेटी उतरली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. ओळ बोलून बघायचं मी विसरले आणि एकदम गायला लागले. तीन शब्दांतच कळलं, फार वर धरलं होतं. मी थांबले. पुढे काहीच येईना. कोणी हललं नाही. तुम्ही पाहिलंत ते हे.

मग कुंपणाच्या भिंतीपाशी, वाडीतल्या बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "बाई, खाली घ्या. खाली."

मी ओळ आधी बोलले, भाजीवाल्याशी बोलावी तशी. पुन्हा उठायचं आहे, हे त्या ओळीत अगदी साध्या शब्दांत आहे. इतक्या वर्षांत मी ते नुसतं बोलून पाहिलंच नव्हतं. मग तिथेच सूर धरला. तिसऱ्या ओळीला एकही माणूस गप्प झाला नाही. तुमच्या पडद्यावर चित्र पुन्हा हलू लागलं, ते तिथून.