खोबरेल लावलेली सायकल

सायकलच्या चाकांना खोबरेल चोपडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी अवघी सहासष्टची, अक्कलदाढ यायची होती.

आमची सून वरच्या वाडीवरच्या शाळेत शिक्षिका. शाळेपर्यंत दोन किलोमीटर उभा चढ. शिक्षकांना नेणारी टमटम बंद झाली आणि पायी जाईतो हिचा पहिला तास बुडायला लागला. मुख्याध्यापकांनी दोनदा सुनावलं. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मुलाचा फोन, "सोडून दे नोकरी." ती म्हणाली, "दसरा झाला की सांगते." आणि गोठ्यामागे गंजत पडलेली माझ्या सासऱ्यांची सायकल तिने बाहेर ओढली.

म्हणे मोटर बसवणार! मी म्हटलं, "अगं, तिच्यावर आता पडवळाचा वेल तेवढा चढेल."

"मग पडवळं घेऊन शाळेत जाईन, आई."

पण बाई बसली खरी. काचकागदाने गंज घासला. मोबाईलवर बघून मागच्या चाकाचे आरे एकेक सोडवले, मधोमध मोटर घातली, पुन्हा ओवले. चाक डुगडुगलं. सगळे सोडून परत. असं तीनदा! माझा गजरा एकदा विसकटला तर मी दुसऱ्यांदा ओवत नाही. बॅटरीसाठी माझा चकल्यांचा डबा उचलला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याचं झाकण घट्ट केलं. मी तोंडाने कुरकुरत होते, डोळे मात्र तिच्या बोटांवरून हलत नव्हते.

दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळ्या, पहारी, सगळ्याला खोबरेल पुसून पूजा करायची. खाऱ्या हवेत तेलाशिवाय लोखंड टिकत नाही. सायकलही लोखंडाचीच की! मी दोन्ही चाकांच्या कडा, ब्रेकची रबरं धरतात नेमक्या त्याच, मनापासून चकचकीत केल्या. वर झेंडूचा हार.

सून ती घेऊन चाचणीला चढावर गेली. अर्ध्या तासाने शेजारची कोळीण ओरडली, "काकी, या गो बेगीन! तुमची सून माज्या बोंबलांत शिरली!"

धावले. उताराच्या टोकाला बोंबील वाळत घातलेल्या काठ्या आडव्या, त्यांत आमची सून. पाय घाशीत थांबवायला बघितलेलं, एक चप्पल फाटलेली. कोपर सोललेलं, केसांत बोंबील. मला रडूच फुटलं. तेल मीच लावलं, हे कबूल केलं आणि वर शहाणपणाही केला, "मरू दे गं, लिही तो राजीनामा!"

ती उठली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "आई, चढ बारा मिनिटांत चढली ती! उतरताना कुठे शाळेची घंटा वाजायचीय, हातात धरून चालत येईन."