मागून दिसणारे तळवे

चूक माझीच होती. आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभेत मी शांतवनकाकांना सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, आता तुमचा सूर लागत नाही. गायनाला दुसऱ्या कुणाला तरी उभं राहू द्या."

"बरं बाबा," म्हणत काका हसले आणि खाली बसले. त्यानंतर उपासनेत त्यांचे ओठ हललेले मी पाहिले नाहीत.

आज प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला त्यांची रांग माझ्यापुढे होती. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढतात. काका वेदीपुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांचे उघडे तळवे माझ्यासमोर आले. पांढरट, भेगाळलेले, एका टाचेवर चिकटपट्टी. मला नवल वाटलं. मी लहानपणापासून गुडघे टेकत आलोय, पण तेव्हा मागून मी कसा दिसतो हे मला ठाऊकच नाही. देवाकडे तोंड करून वाकलेला माणूस आपली पाठ आणि तळवे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हवाली करतो. नम्रतेचा अवघड भाग हाच असेल का? 'प्रभू, मी केवळ धूळ आहे,' हे मी प्रार्थनेत सहज म्हणतो. काकांपुढे साधं 'चुकलो' म्हणायला मात्र जीभ उचलत नाही. देव आपली चूक चारचौघांत सांगत नाही, म्हणूनच त्याच्यापुढे वाकणं सोपं जातं का?

काका उठून आपल्या बाकावर परतले आणि माझी पाळी आली. मी वेदीकडे न जाता काकांच्या बाकाशी गेलो.

"काका, माझं चुकलं."

"अरे, हळू बोल. पाळकसाहेब वेदीपासून बघतायत."

"बघू दे. तुम्हाला बोललो तेही सगळ्यांदेखतच. मला माफ करा, काका."